गाडीने ॲडलेड

"तुझी उंची किती?" मी त्याला विचारलं.

तो टॉड नदीच्या कोरड्या पात्रात आइस्क्रीम खात उभा होता. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटातल्या आमच्या ॲलिस स्प्रिंग्जला ऑगस्टात होड्यांची शर्यत असते. नदीत पाणी नसतंच, त्यामुळे बिनतळाची होडी चौघांनी कमरेशी धरायची आणि वाळूतून पळत सुटायचं. आमचा चौथा गडी ऐन वेळी पाय मुरगळून बसला होता.

"सहा फूट एक. पण... मला पोहता येत नाही."

"इथे बुडायची सोयच नाहीये. चल!"

आम्ही शेवटून दुसरे आलो. तो वाळूत असा आपटला की होडीचं पुढचं टोक धरलेली माझी नोरीन मावशी हसून हसून खाली बसली. त्याचा गुडघा मी धुतला, पट्टी बांधली. नाव फर्गस, बॅलरॅटचा मास्तर. रानावनातल्या गुरांच्या फार्मवरच्या मुलांना पडद्यावरून शिकवणारी शाळा आमच्या गावात आहे, तिथे मुलाखतीला आलेला.

मी मेरिन. जुन्या तारघरात पर्यटकांना माहिती सांगायचे. दुसऱ्या दिवशी सवयीने त्यालाही स्टँडली घळ दाखवायला नेलं. भर दुपारी ऊन थेट खाली उतरतं आणि दोन्ही भिंती काही मिनिटं निखाऱ्यासारख्या लाल होतात. मी सुरू झाले. भिंतींची उंची, दगडाचं वय...

"हे तू सगळ्यांना सांगतेस ना?"

"रोज."

"मग आज सुट्टी घे की."

त्या घळीत नुसती उभी अशी मी बहुधा पहिल्यांदाच राहिले. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं होतं. दोघांनीही हात हलवला नाही.

त्याला नोकरी मिळाली. आणि त्याच आठवड्यात मला ॲडलेडच्या संग्रहालयाचं पत्र आलं. एक वर्षाचं काम. दोन वर्षं मी या कामाची वाट पाहिली होती.

सप्टेंबरभर आम्ही रोज संध्याकाळी गावाबाहेर सिम्पसन्स गॅपच्या खिंडीत जायचो. खडकांवरून कांगारूसारख्या छोट्या वॉलबी उतरायच्या, आम्ही बघत बसायचो. तो पत्राबद्दल अवाक्षर काढत नव्हता. शेवटी मीच चिडले.

"थांब म्हण ना एकदा!"

"म्हटलं तर थांबशील," तो म्हणाला. "आणि मग वर्षभर माझ्यावर धुमसत राहशील."

खरं होतं. म्हणून जास्तच राग आला.

"विमानाचं तिकीट काढू नकोस," तो हळूच म्हणाला. "गाडीने सोडतो."

"दीड हजार किलोमीटर आहे, फर्गस!"

"विमान दोन तासांत पोचतं. मला बोलायला... दोन तास पुरायचे नाहीत."

आणि पहिला अख्खा दिवस तो बोललाच नाही! कूबर पेडीला पेट्रोल भरताना मी विचारलं, "बोलणार होतास ना?"

"अजून साडेआठशे किलोमीटर आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ॲडलेडला माझ्या नव्या खोलीच्या दारात त्याने बॅगा ठेवल्या. कान लाल झाले होते.

"मेरिन, मला तू आवडतेस. म्हणजे... खूप. थांब म्हणणार नाही. परत ये, एवढंच म्हणतो."

"हे ॲलिसला सांगता आलं असतं."

"आलं असतं. पण मग हे दोन दिवस मिळाले नसते."

मी त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. सहा फूट एक इंच म्हणजे टाचा उंचावूनही पोचत नाही मी.

सोमवारी त्याची शाळा होती, तो पहाटे निघून गेला. मी ॲडलेडला वर्ष पुरं केलं, एक दिवसही कमी नाही. काम मनापासून आवडलं. पुढे आणखी दोन वर्षं राहता का, असं त्यांनी विचारलंसुद्धा.

मी नाही म्हणाले. त्याने मला अडवलं नव्हतं, म्हणूनच मला परत जाता आलं.