सिमसिमाने नाकारलेलं अंडं

"घट्ट धर, वळवळू देऊ नकोस," दोहा म्हणाली. शेहाताने सिमसिमाला मानेपाशी धरलं आणि दोहाने चमच्याचा दांडा तिच्या तोंडात सरकवला.

शेजारचा गिर्गिस मागून सांगत होता, की असं करू नका. कोणी ऐकलं नाही. कबुतराचं अंडं कोंबता कोंबता फुटलं, बलक अंगणात सांडला, आणि त्यात रक्ताचा एक थेंब दिसला. सिमसिमा सुटली ती थेट आपल्या पेटीतल्या खापराखाली शिरली.

"झालं समाधान?" गिर्गिसने विचारलं.

दोहाने चमचा पाठीमागे लपवला.

सिमसिमा हा अंडी खाणारा साप. अंगावर तिळासारखे ठिपके, आणि सिमसिम म्हणजे तीळ, म्हणून हे नाव. विष नाही, आणि दात म्हणावेत असे दातही नाहीत. पाखरांच्या अंड्यांशिवाय ती कशाला तोंड लावत नसे आणि हिवाळाभर तर उपाशीच राही. वसंतात घराच्या मनोऱ्यात पाळलेली कबुतरं अंडी घालू लागली, की पहिलं अंडं ती दोहाच्या तळहातावरून गिळायची. मग चुरगळलेलं कवच थुंकून टाकायची. यंदा मात्र अंड्याला नुसती जीभ लावायची आणि मान फिरवायची. कातडीखाली बरगड्या दिसू लागल्या होत्या.

शेहाताचे वडील, म्हणजे दोहाचे अंतरकाका, म्हणत होते की थेरं पुरे, द्या वाळूत सोडून. आजोबा म्हणाले होते की अशी सोडली तर मरेल. शम्म-अल-नसीमची, वसंताच्या सणाची, सुट्टी लागली होती. सगळं फय्यूम गाव सहलीला निघायच्या तयारीत होतं आणि दोहा पेटीपाशी बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना शेहाता थबकला.

"दोहा, इकडे ये. या मुंग्या बघ."

मुंग्यांची रांग भिंतीपासून खजुराच्या बीपर्यंत चालली होती. वाटेत कालचा सांडलेला बलक होता. रांग त्याला लांबून वळसा घालत होती.

"मुंग्यांचाही उपास आहे वाटतं," शेहाता म्हणाला. पण हसलं कोणीच नाही.

तेवढ्यात आलेला गिर्गिस ते पाहून पळत घरी गेला आणि आपल्या मनोऱ्यातलं एक अंडं घेऊन आला. दोहाने ते तळहातावर ठेवून पेटीत धरलं. सिमसिमा अंड्याकडे वळली, जीभ बाहेर काढली, पण हात दिसताच वेटोळं करून अंग घासू लागली. खवल्यांचा खरखराट झाला. परक्या माणसाला घाबरली की ती असा आवाज करायची. दोहाला पाहून तिने तो आजवर कधी केला नव्हता.

दोहाने अंडं पेटीत ठेवलं आणि ती बाहेर गेली. दुपारी पाहिलं, तर अंडं नव्हतं. कोपऱ्यात चुरगळलेलं कवच पडलं होतं.

"तिला भूक होती," दोहा हळूच म्हणाली. "आपलं अंडं नको होतं."

मग तिघं मनोऱ्यात शिरले. दरवर्षी वसंतात आत चुना लागायचा आणि मडक्यांच्या घरट्यांत राख पसरायची, म्हणजे पिसवा होत नाहीत. यंदा भिंती मळक्याच होत्या. पिसू एकही नव्हती. बऱ्याच मडक्यांत न उबवलेली गार अंडी होती. गिर्गिसने एका मडक्यात नाक घातलं आणि झटकन मागे घेतलं. म्हणाला, कपाशीच्या शेतातून येतो तसला वास आहे.

त्यांनी हातपाय घासून धुतले. मग अंतरकाकांना विचारलं. काका म्हणाले, राखच टाकली, दरवर्षीसारखी, आणि पोरांनी मनोऱ्यात नाक खुपसायचं कारण नाही.

शेहाताने वडील लांब जाईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, "बाबा कबूल नाही करायचे. पण जेवताना कळेल."

"तुझे वडील आहेत," गिर्गिस म्हणाला.

"म्हणून तर मीच वाढणार."

सणाच्या दिवशी कालव्याकाठी चटया पसरल्या. खारवलेल्या माशांचा वास, कांद्याची हिरवी पात, आणि मधोमध रंगवलेली अंडी. शेहाताने छोट्या लाल अंड्यांची थाळी आणली. आजोबांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, की यंदा ही आपल्याच मनोऱ्यातली उकडली आहेत, आणि पहिलं बाबांना.

अंतरकाकांनी अंडं हातात घेतलं, फिरवलं, आणि खाली ठेवलं. पोट भरलंय म्हणाले. तेवढ्यात त्यांची धाकटी, तीन वर्षांची बुदूर, थाळीकडे झेपावली आणि एक अंडं तिने तोंडाशी नेलं.

काकांनी ते तिच्या हातातून हिसकावलं आणि कालव्यात भिरकावलं. बुदूर रडू लागली. सगळ्यांची जेवणं थांबली.

"खाऊ दे की तिला, अंतर," आजोबा म्हणाले. "राखच टाकली होतीस ना?"

काकांनी मान खाली घातली. म्हणाले, चुना लावायचा कंटाळा आला होता. कपाशीवर मारायचं औषध घरात उरलं होतं, तेच फवारलं. अंड्यांपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

"ही गिर्गिसच्या मनोऱ्यातली आहेत, बाबा," शेहाता म्हणाला. त्याने बुदूरला दुसरं अंडं सोलून दिलं, पण वडिलांकडे पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी आजोबांनी मनोरा रिकामा करवला. अंडी पुरली. येणाऱ्या पाहुण्यांना भरलेलं कबूतर यंदा मिळणार नाही, असं स्वतःच सांगितलं. मग तिघांना जवळ बोलावून म्हणाले, की तुम्ही नसता तर हे विष आपल्या ताटात आलं असतं.

"आणि तू, पोरी," त्यांनी दोहाच्या डोक्यावर हात ठेवला, "त्या मुक्या जिवाचं म्हणणं तू ऐकलंस. शाबास."

"नाही ऐकलं, आजोबा," दोहा म्हणाली. "ती रोज सांगत होती. मी चमचा घातला तिच्या तोंडात."

आजोबांनी हात तसाच ठेवला.

सिमसिमा वाचली. तोंडातली जखम भरली, बरगड्या झाकल्या. दोहा रोज गिर्गिसकडचं अंडं आणायची, तळहातावर धरून थोडा वेळ वाट पाहायची. खरखराट ऐकू आला, की अंडं खाली ठेवून भिंतीपलीकडे जाऊन बसायची. तिथून कवच फुटल्याचा बारीक आवाज यायचा. तेवढा ऐकला, की ती उठायची.