चार जीबीचा पहारा

या, अंमळ जवळ सरका. बुवा यायचेत, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो.

रिसोडला धीरजचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याच्या सर्व्हरच्या पोटात दोन कॉम्प्युटर चालत. लोखंडाची पेटी एकच, पण दोघांचा संसार वेगळा. दोन्हींवर एका दवाखान्याचं काम. तिसरा आत घ्यायचा होता, रिठदच्या भजनी मंडळाचा. तो जुना डबा बंद पडला होता, आणि मंडळात गाणाऱ्या गोजराबाईंचा भरून ठेवलेला आवाज त्याच्यातल्याच प्रोग्रामवर वाजायचा, दुसरीकडे नाही. धीरजनं सगळा जसाच्या तसा सर्व्हरवर उतरवून घेतला. पण तो चालू होईना.

"आठ जीबी रॅम हाय, काका. सर्व्हरले दोन, दवाखान्याच्या दोघांले तीन-तीन. काकूच्या कॉम्प्युटरले वरून चार लागतात. नवी रॅम परवा येते."

"कायचं परवा! उद्या अकोल्यात कानाचं ऑपरेशन." हिरालालकाका स्टुलावर टेकले. गोजराबाई त्यांची बायको; जाऊन तीन वर्षं झाली होती. "मंग ऐकू येईल न येईल, डॉक्टरले बी माहीत नाही. एक डाव ऐकू दे मले."

"दवाखान्याचं बंद नाही करता येत. जागाच नाही, तं देऊ कुठून?"

"सप्ताहात पहाऱ्याचा माणूस नाही आला, म्हणून वीणा खाली ठेवतेत का? उभं राह्यतेच कोणीतरी." काका उठले. गळ्यात वीणा असावी तसे हात धरून पेटीपुढे उभे राहिले. "दाब."

"वीणा नव्हे हो हे," धीरज हसला. तरी म्हाताऱ्याच्या समाधानासाठी त्यानं बटण दाबलं.

चालू झाला.

धीरजनं आकडा पाहिला. एकूण रॅम बारा. पुन्हा पाहिला. बाराच.

भर दुपारी दुकानात बुक्क्याचा वास दरवळला. गोजराबाई गात होत्या, संथ, घरातल्या घरात गावं तशा. काकांचे डोळे मिटलेले. अभंग संपला. मग त्याच आवाजात,

"द्या इकडं. टेका आता तुमी जरासे."

"हे भरलं नव्हतं रे यात," काका पुटपुटले. पण त्यांनी गळ्यातून काहीतरी उतरवलं, पुढे केलं, वाकून नमस्कार केला आणि बसले.

ऑपरेशननंतर काकांना ऐकू आलं नाही. खंत मात्र दिसली नाही.

रॅम आली. रविवारी दवाखान्याला सांगून धीरजनं सर्व्हर बंद केला, वायर काढली, तासाभरानं पेटी उघडली. एका खाचेत रॅमची जुनी आठ जीबीची पट्टी, दुसरी खाच मोकळी. नवी पट्टी तिच्यात बसेना. टॉर्च मारला; आत काही नाही. बोट लावलं.

कोमट होतं.

त्यानं हात मागे घेतला, झाकण लावलं. पहारा बदलायला अजून कोणी गेलेलं नाही. आज टाळ हाती घ्याल तेव्हा, माउली, गोजराबाईंची आठवण ठेवा.