एकोणिसाव्या प्रकरणातला दुसरा कप

ईलिंग ब्रॉडवे स्टेशनच्या फलाटावर, भर दुपारी, एक परका पुरुष माझ्या शेजारी बसून म्हणाला, "दार उघड. तू दार उघडलं नाहीस तर मी इथेच बसून राहीन... बर्फ पडला तरी."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. वय माझं त्रेसष्ट. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. आणि या माणसाला बर्फ कुठे दिसला? बाहेर नुसती भुरभुर होती, केसांवर बसते आणि झटकली की जाते, तशी.

"अहो," मी म्हटलं, "कुठलं दार? कुणाशी बोलताय?"

माणूस दचकला. तेव्हा दिसलं, तोंडाशी फोन धरलाय. मोरपंखी मफलर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"माफ करा, ताई. रेकॉर्ड करत होतो. रशियन कादंबरी आहे, मराठी करून फोनवर बोलतो. घरी नातवंडांचा धुडगूस, म्हणून इथे..."

"मग उघडलं का दार त्या बाईनं?"

"कुठल्या?"

"दारामागच्या! अर्धवट ऐकवून मला सोडता काय?"

तो हसला. हसला की चष्मा आणखी खाली यायचा, मग एका बोटानं तो वर सारायचा. हे सगळं मी पाहिलं. का पाहिलं ते विचारू नका.

"ते अजून कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "पुढचं प्रकरण पुढच्या शुक्रवारी येईल."

त्यांचं नाव मुरलीधरराव. मेडनहेडला मुलीकडे राहतात, बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तरुणपणी मॉस्कोला इंजिनिअरिंग शिकले, तेव्हापासून ती भाषा अंगात मुरलेली. दर शुक्रवारी कढीपत्ता घ्यायला ईलिंगला येतात. मी शुक्रवारी साउथॉलला भाजीला जाते. गाडी एकच.

त्यांनी थर्मास काढला. स्टीलचे दोन कप. एकात चहा ओतून माझ्यापुढे केला.

"मी परक्या माणसाच्या हातचा चहा घेत नाही," मी सांगून टाकलं.

"बरं," ते म्हणाले, आणि तो स्वतः प्यायले. दुसरा कप कोरडाच पिशवीत गेला.

"पुस्तक कुठे आहे पण? दाखवा."

"पुस्तक नाहीच, ताई. वेरा म्हणून एक बाई आहे, नदीकाठच्या लहानशा गावात राहते. छापणाऱ्यांनी तिला हिंग लावून विचारलं नाही. मग तिनं एकेक प्रकरण सरळ फोनवर टाकायला सुरुवात केली. लोक तिथल्या तिथे खाली लिहितात, हे आवडलं, ते पटलं नाही. ती वाचते आणि पुढचं लिहायला बसते."

"म्हणजे गोष्ट अजून कच्ची आहे?"

"कच्ची! अगदी बरोबर शब्द." त्यांचा आवाज एकदम वीस वर्षांनी लहान झाला. "आमच्या वेळी हॉस्टेलात एक जाड कादंबरी बारा जण वाचायचे, पानं सुटी करून. लेखक म्हणजे चौथऱ्यावरचा पुतळा. आपण खाली उभं राहायचं आणि मान वर करायची. आता लेखिकेनं दुपारी चूक केली, की संध्याकाळच्या आत लोक कान धरतात."

"हे बरं आहे," मी म्हटलं. "मला जमेल."

आणि मी माझा नंबर दिला. गोष्ट ऐकण्यासाठी दिला. दुसरं काही नाही.

मी शिकले चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडून वाचते, पण चार ओळींत डोळे थकतात. म्हणून कुणी मला अडाणी समजायचं कारण नाही. विमानात जेवण पाठवतात त्या कारखान्यात बावीस वर्षं काम केलंय, तीस बायका माझ्या हाताखाली होत्या, आणि मॅनेजर गोरा असून मला विचारल्याशिवाय शिफ्ट लावत नव्हता. कान मात्र माझे तयार. शुक्रवारी संध्याकाळी प्रकरण आलं, की मी कणीक मळत ऐकायची.

गोष्ट होती झोयाची. साठीची विधवा, ब्रेडची भट्टी चालवणारी, दोन मुलगे, दोन सुना, घरात तिचाच शब्द. आणि नावाडी तिखोन. हा रोज यायचा आणि न मोडलेली वस्तू दुरुस्त करून जायचा. आज कडी, उद्या खुर्ची.

तिसऱ्याच आठवड्याला मी त्यांना व्हॉइस मेसेज ठोकला. "मुरलीधरराव, सांगा तुमच्या वेराबाईला. हात पिठात असताना कुठलीही बाई हातानं दार उघडत नाही. कोपरानं कडी काढते. भट्टी कधी बघितली आहे का त्यांनी?"

त्यांनी ते रशियनमध्ये करून खाली टाकलं. 'सुमन, ईलिंग' असं नाव घालून.

पुढच्या शुक्रवारी फलाटावर ते मला शोधत जवळजवळ पळतच आले. मफलर एका खांद्यावर, कढीपत्त्याची जुडी हातात हलतेय.

"सुमनताई! झोयानं कोपरानं दार उघडलं!"

"खरंच?"

"ऐका..." आणि तिथे उभं राहूनच त्यांनी मला ते वाक्य आधी रशियनमध्ये ऐकवलं, मग मराठीत. "तीनशेबारा लोकांनी खाली लाल बदामाची खूण केलीय. सायबेरियातली एक बाई लिहिते, ईलिंगची सुमन खरी बाई आहे."

माझं कोपर, साताऱ्याच्या सुमनचं कोपर, रशियन साहित्यात गेलं होतं!

"पण एक सांगा," मी म्हटलं. "ते ताई म्हणणं बंद करा. मी कुणाची ताई नाही."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे ना मला?"

त्यांनी चष्मा वर सारला. "सुमन," ते म्हणाले, अगदी हळू... आणि लगेच, "...बाई."

गाडी आली म्हणून बरं झालं.

असे चार महिने गेले. साउथॉलपर्यंत तीन स्टेशनं, तेवढीच आमची सोबत. ते चहा पुढे करायचे, मी नको म्हणायची, दुसरा कप कोरडा परत जायचा. माझ्या फोनमध्ये न बिघडलेलं काहीतरी ते दर वेळी दुरुस्त करायचे. आवाज वाढवून द्यायचे, अक्षरं मोठी करून द्यायचे. माझ्या ध्यानात येत नव्हतं असं थोडंच आहे? पण मी फोन पुढे करत होते.

मग आलं एकोणिसावं प्रकरण.

त्या दिवशी त्यांचा आवाज जरा घोगरा होता. तिखोन झोयाच्या भट्टीशी येतो. आज हातात हत्यारं नाहीत. म्हणतो, "आज मी काही दुरुस्त करायला आलो नाही. माझ्या घरात दोन कप आहेत, झोया. एक मी पितो. दुसरा रोज घेऊन निघतो आणि कोरडाच परत आणतो. तू हो म्हणावंस असा माझा आग्रह नाही. पण तो कप मी घरी ठेवून यायला तयार नाही, एवढं तुला कळावं."

मी कणकेत हात तसाच ठेवून उभी राहिले.

माझी सून आसावरी फ्रिजमधून दही काढत होती. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरवाली, जिभेला माझ्यासारखीच धार. म्हणून तर आमचं पटतं.

"आई, सो स्वीट! थांबा, मी ओरिजिनल काढते. आता मशीन डायरेक्ट मराठी करून देतं." लॅपटॉप उघडला, खटखट केलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आई... इथे कपबिप काहीच नाही."

"नीट बघ."

"एकोणीसच आहे. तिखोन बोटीत बसून दक्षिणेला निघून जातो. झोया किनाऱ्यावरसुद्धा येत नाही. संपलं प्रकरण."

माझे कान तापले. चार महिने मी ज्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानं मला बनवलं? बाईला वाचता येत नाही, सांगू तसं ऐकेल... हेच ना? मॅनेजरची कधी हिंमत झाली नव्हती!

"ब्लॉक करू?" आसावरीनं विचारलं.

"माझ्या फोनला हात लावू नकोस!"

मी प्रकरण पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा लावलं तेव्हा मागचा आवाज ऐकू आला. फलाटावरची घोषणा, मेडनहेडकडे जाणारी गाडी. आणि मग तो कप मला दिसला. स्टीलचा, काठाला पोचा आलेला, दर शुक्रवारी कोरडा पिशवीत जाणारा.

मी पिठाच्या हातानंच खुर्ची ओढली.

"आसावरी, ते मशीन उलटं पण चालतं का? मी मराठी बोलले तर रशियन करतं?"

"करतं ना."

"मग लाव. बोललेलं प्रकरणाच्या खाली कसं टाकायचं तेही दाखव. आणि तू बाहेर जा."

"आई!"

"जा म्हटलं ना. आणि हरीशला यातलं काही सांगू नकोस. त्याची आई आहे मी, त्याला मीच सांगेन."

पुढच्या शुक्रवारी मी अर्धा तास आधी जाऊन बसले. चांगलं पातळ नेसले, वर कोट घातला, म्हणजे दिसणार काहीच नव्हतं. तरी नेसले. भुरभुर चालूच होती. ते आले, बसले, थर्मास काढला.

"थांबा," मी म्हटलं. "आधी एकोणिसावं प्रकरण वाचा. वेराबाईंनी लिहिलंय ते."

त्यांचा हात थर्मासच्या झाकणावरच राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुम्हाला कळलं."

"मला रशियन वाचता येत नाही, मुरलीधरराव. कळतं सगळं."

"तिनं तिखोनला घालवलं," ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी दुपारी वाचलं. मला ते तुम्हाला... माझ्या तोंडून ऐकवता येईना. रेकॉर्ड करायला बसलो आणि भलतंच बोलून गेलो."

"तुम्हाला वाटलं, या अडाणी बाईला काय पत्ता लागणार?"

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच चष्मा सारला नाही.

"नाही. लागला तर बरं, असं वाटलं."

गाडी आली. दारं उघडली, मिटली. आम्ही दोघं बसलेलेच.

"त्या प्रकरणाच्या खाली माझा शेरा आहे," मी म्हटलं. "वाचा. मोठ्यानं आणि मराठीत. आणि या खेपेला पदरचा एक शब्द घालायचा नाही. घरी मशीनकडून ताडून बघणार आहे मी."

त्यांनी फोन काढला. बोट खाली खाली सरकत गेलं, थांबलं. ओठ आधी नुसतेच हलले.

"मोठ्यानं!"

"'सुमन, ईलिंग,'" ते वाचू लागले. "'वेराबाई, तुम्ही तिखोनला बोटीत बसवलंत ते मला पसंत नाही. झोया किनाऱ्यावर आली नाही, कारण ती मगरूर आहे. मगरूर बायका मला माहीत आहेत. त्या येत नाहीत. पण दाराच्या फटीतून बघतात...'" इथे थांबून त्यांनी चष्मा वर सारला.

"पुढे."

"'इकडे एका माणसानं हे प्रकरण स्वतःच्या मनानं लिहिलं. मला रशियन वाचता येत नाही याचा फायदा घेतला. त्याबद्दल मी त्याला चांगलं झापणार आहे. पण त्याचं प्रकरण तुमच्यापेक्षा सरस आहे. त्याला सांगा... दुसरा कप... आता कोरडा परत न्यायचं कारण नाही.'"

फलाटावर माणसं येत-जात होती. कुणाला काही कळत नव्हतं. इतक्या जणांत मी मनातलं बोलले होते, आणि समजलं एकट्याला.

"मशीननं बरोबर केलंय का रशियन?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"शब्दशः तुमच्यासारखं," ते डोळे पुसत म्हणाले. "कुठेही 'कृपया' नाही."

"आणि त्याच्या खाली काय लिहिलंय? एवढं लांबलचक दिसतंय."

त्यांनी बोट सरकवलं आणि हसायलाच लागले. "चारशे जण आहेत. सायबेरियाच्या बाई दोनदा विचारून गेल्या, सुमन, तो माणूस काय म्हणाला? एकानं लिहिलंय, त्याला लगेच हो म्हणायला सांगा, आमचा चहा गार होतोय. आणि ही बघा... वेरा. खुद्द वेरा. म्हणते, ईलिंगचं एकोणिसावं प्रकरण मला पाठवा. वाचल्याशिवाय विसावं लिहीत नाही."

"पाठवाल ना?"

"तुम्ही परवानगी दिलीत तर... सुमन."

या वेळी पुढे 'बाई' आलं नाही. मी वाट पाहिली. आलंच नाही.

"पाठवा. पण आधी सायबेरियाच्या त्या बाईला उत्तर द्या, जीव टांगलाय बिचारीचा. आणि तिच्याही आधी मला."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि दुसरा कप काढला, पोचा आलेला. मफलरच्या टोकानं पुसला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. थोडा चहा माझ्या बोटांवर सांडला.

मी प्यायले.

चहात साखर नव्हती. तसं मी त्यांना लगेच सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी होती.