मॅडमचा चहा येईपर्यंत

शिरूर स्टँडसमोरच्या जिन्यावर अनुपमा आणि तिचा नवरा रविराज एकमेकांवर धाडकन आदळले!

“तुम्ही?”

“तू?”

रातपाळी करून आलेला हा माणूस या वेळी घरी गाढ झोपलेला असायला हवा होता. आणि ती कामावर. पण तिच्या हातात बॅग!

“बॅग कशाला?”

“कपडे ठेवायला.”

“अनू...”

“चला वर. आलाच हाय, तर तुमच्यासमोरच सांगते.”

वर फरहत मॅडम बसायच्या, नवरा-बायकोचं समुपदेशन करणाऱ्या. मागच्या महिन्यात दोघं एकदा येऊन गेले होते. आज अनुपमा एवढंच सांगायला आली होती, की आता आम्ही येणार नाही. मग दौंडची गाडी, वरवंडला माहेर... कायमचं.

झालं काय म्हणाल, तर साधं भांडणसुद्धा नाही! दोघं रांजणगावला कंपनीत. ती दिवसपाळी, तो रातपाळी. तिची बस परत यायची, तेव्हा त्याची निघायची. बसच्या खिडकीतून हात हलवला की झाला संसार. आधी तो खिडकीतून खुशाल डोळा मारायचा. हल्ली मान टाकून बसलेला. तिला वाटायचं, आपण याला नकोशा झालोय.

मॅडमनी बॅगेकडे पाहिलं. अनुपमानं तोंड उघडायच्या आतच दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. “मी चहा सांगून येते. तोवर एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. बोलायचं नाही.”

गुडघ्याला गुडघा लागला... तिचे कान तापले. त्याच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं! कानाच्या पाळीला ग्रीस तसंच. काळीज जरासं हललंच मेलं. आता हा काहीतरी सांगेल, निदान डोळ्यांनी तरी –

रविराजचे डोळे मिटले.

झोपला! वर घोरायलाही लागला!

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खाली दौंडच्या गाडीनं हॉर्न दिला. ती बॅग उचलायला वाकली – तोच तो पुढे कलंडला, थेट तिच्या खांद्यावर.

“उठा. गाडी सुटंल माझी.”

“थांब ना...” तो अर्धवट झोपेत पुटपुटला. “घरी झोप येत न्हाई गं. तुझी बाजू मोकळी असती. दिवसभर पत्र्याकडं बघत पडतो... त्येच मॅडमला विचारायला आलो व्हतो...”

तिचा हात बॅगेवर होता तिथंच राहिला. रात्री ती तरी कुठं झोपायची? घरात माणसाचा आवाज असावा म्हणून टीव्ही लावून पडायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

पुन्हा हॉर्न. मग दौंडची गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्याचा आवाज... लांब, आणखी लांब. खांद्याला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

चहाचे कप वाजले, तसा तो दचकून उठला. “गाडी गेली?”

“गेली.”

“मग आता?”

“आता सुपरवायझरला सांगा, मलाबी दिवसपाळी पायजे. न्हाई म्हणला, तर मी येते बोलायला.”

“बाप रे! देतंय मग, पळत देतंय.” कितीतरी दिवसांनी त्यानं डोळा मारला. “आन् आत्ता गं?”

तिनं खुर्ची ओढून त्याच्या शेजारी लावली.

“आत्ता खांदा इकडं करा. मला झोप आलीय.”