आपुलकी मोजणारी पट्टी

इचलकरंजीत सारिका चौगुलेची खानावळ यंत्रमाग कामगारांत नावाजलेली होती. ती भाकऱ्या थापत असताना मनगटावरची आरोग्यपट्टी हळूच म्हणाली, "गोळी." सारिकानं गोळी पाण्याबरोबर गिळली. तिला क्षय झाला होता. औषधं सुरू होऊन संसर्गाचा धोका केव्हाच संपला होता आणि डॉक्टरांनी स्वयंपाकाला परवानगीही दिली होती. पण गिऱ्हाइकांना हे कोण पटवणार? बोभाटा झाला तर खानावळ बसणार, म्हणून तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

कायदा तिच्या बाजूनं होता. रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या आजाराची माहिती कुणाला द्यायची नाही. पूर्वी त्यासाठी दर वेळी अंगठा मागत, आणि लोक वैतागत. मग हुशार मंडळींनी 'गृहीत संमती' शोधून काढली. पट्टी आवाज ऐकते, नाडी मोजते आणि रुग्णाचा जीव कुणापाशी निवांत होतो ते ओळखते. तो माणूस आप्त. आप्तानं विचारलं की पट्टी सांगते. हे शोधणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शेजारपाजारचं कुणी कधी आलंच नसावं.

सारिकाकडे शेजारच्या मंदाकाकू मागच्या दारानं थेट ओट्यापर्यंत येत. भाजी निवडता निवडता सुनेची गाऱ्हाणी सांगत, आणि सारिका ऐकून घेई. एका दुपारी ती खोकून दमली आणि तिचा डोळा लागला. काकूंनी काळजीपोटीच पट्टीला विचारलं, "काय झालंय गं हिला?"

"क्षय. उपचार चालू आहेत."

तो आता पसरणारा आहे का, हे काकूंनी विचारलं नाही, म्हणून पट्टीनंही सांगितलं नाही.

काकूंनी फक्त सुनेला सांगितलं, तेही शपथ घालून. आठवड्याभरात खानावळीतले बाक रिकामे पडले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. कुणाचं पोट बिघडलं होतं, कुणाची बायको गावाहून आली होती. अशा वेळी माणसं किती सभ्य होतात!

सारिका आरोग्य कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं तपासलं आणि नियम तंतोतंत पाळला गेल्याचं सांगितलं. ज्यांना कळू नये असं वाटतं त्यांच्याशी जरा तोडून वागत जा, पट्टी आपोआप शिकेल, असा सल्लाही दिला.

"म्हणजे मी माणूसघाणी व्हायचं?" सारिकानं विचारलं.

"तेवढी सवय करावी लागेल," तो म्हणाला.

तिनं सवय केली. मागच्या दाराला कडी घातली. काकू दाराबाहेर रडल्या, चुकलं म्हणाल्या. सारिकानं आतूनच काम असल्याचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत पट्टीनं काकूंना आप्तांतून वगळलं. इतक्या वर्षांची माया काढून टाकणं इतकं सोपं असावं, याची तिला चीड आली.

आता जेवायला यंत्रमागावरचे एकटे दस्तगीर येत. त्यांचा भाऊ याच आजारातून उठला होता, त्यामुळं त्यांना भीती नव्हती. एकदा हात धुताना ते म्हणाले, "ताई, औषध टायमावर घेताय न्हवं? आता बरं वाटतंय का?"

सारिकाला भडभडून आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "जेवण झालं असेल तर निघा तुम्ही."

 त्यांनी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि चपला घालून निघाले. सारिका त्यांच्यामागं दारापर्यंत गेली; छातीत धडधडत होतं. पट्टीनं नाडी मोजली आणि नम्रपणे विचारलं,

"यांनाही परकं समजू का?"