नाकाचा श्वास

हार्डवेअरवाल्याने पातं कागदात गुंडाळता गुंडाळता वहिनींकडे पाहिलं आणि न राहवून विचारलंच, की परवाच तर एक नेलंत, त्याच्या आधीही एक नेलं होतंत. तुरुंगबिरुंग फोडायचा विचार आहे की काय? वहिनी हसल्या. लोखंड कापायच्या करवतीचं पातं घरात असलेलं बरं, ते काय नासतंय थोडंच, असं काहीतरी बोलल्या आणि शाल डोक्यावरून घेऊन धुक्यात बाहेर पडल्या. दुपार होती, पण उजेड कसा, तर धुतलेल्या ताटातल्या पाण्यासारखा. घर चार पावलांवर आलं तशी त्यांची चाल मंदावली. कपाटाच्या खणात कोरी पाती पडून होती. एकानेही अजून काही चावलं नव्हतं.

कापायचं होतं ते एवढंसं. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, ब्राँझची एक कांडी. ती कापली की नवऱ्याचं शेवटचं काम पुरं होणार होतं. घोडं अडलं होतं ते तिथेच.

नवरा शिल्पकार होता. राजांचे नि पुढाऱ्यांचे पुतळे करणारा नव्हे. जन्मभर त्यांनी रानातली जनावरंच घडवली, म्हणून गल्लीने त्यांना वाघोबा म्हणायला सुरुवात केली. स्वभावाने म्हणाल तर गरीब गाय. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तरी म्हणायचे, त्यालाही तहान लागली असेल. तरुणपणी छताची नक्षी ओतणाऱ्या एका कारागिराकडे कामाला होते आणि सुटीच्या दिवशी उठून प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचे. लग्न ठरवताना मध्यस्थाने सांगितलं, मुलगा बराच वेळ प्राणिसंग्रहालयात असतो. त्यावर वहिनींच्या वडिलांनी विचारलं होतं, गजांच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या?

पहिलं पाणमांजर कुणी विकत घेतलं नाही. ते कितीतरी वर्षं स्वयंपाकघराचं दार अडवायला होतं. मग एका वाचनालयाच्या तळ्यासाठी बगळा केला, बागेसाठी हरणी केली. त्या हरणीच्या पाठीवर मुलं बसून बसून ती सोन्यासारखी चकाकायला लागली, तेव्हा कुठे लोक म्हणाले, माणसात काहीतरी आहे. मुलगी जन्मली त्या दिवशी हे अस्वलाच्या पिंजऱ्यापुढे. वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकवलं.

त्यांची रीत वेगळीच होती. कागद-पेन्सिल नंतर. आधी जनावरासमोर बसायचं, त्याच्या बरगड्या कशा वरखाली होतात ते बघायचं आणि तसाच आपला श्वास घ्यायचा. तासन् तास. श्वास जुळला की मगच मेणाला हात. अस्वल करत होते त्या वर्षी शेजारी झोपायची चोरी झाली होती, असं वहिनी सांगायच्या, आणि ऐकणाऱ्या बायकांची हसून हसून पुरेवाट व्हायची.

मेणाचं जनावर तयार झालं की ते ओताऱ्याकडे जायचं. ओतारी त्यावर मातीचा जाड लेप चढवून भट्टीत घालायचा. मेण वितळून निघून जायचं, आत जनावराच्या आकाराची पोकळी उरायची, आणि तीत तो ब्राँझचा रस ओतायचा. रस आत शिरताना हवेला बाहेर पडायला ज्या वाटा ठेवलेल्या असतात, त्यांना त्यांच्या धंद्यात ‘श्वास’ म्हणत. माती फोडली की जनावराच्या अंगावर हे श्वास काट्यांसारखे उभे दिसत. ते कापून, घासून टाकायचे. पाठीचे, पायांचे श्वास ओतारी कापायचा. नाकाचा मात्र वाघोबा स्वतः. नाकाचा माझा, असं म्हणायचे, आणि तेवढं कापलं की त्या जनावराकडे पुन्हा वळून बघायचे नाहीत.

शेवटचं जनावर म्हणजे म्हातारा लांडगा. मान खाली, पुढचा पाय किंचित उचललेला. तो मेणात पुरा झाला तोवर वाघोबांच्या छातीने दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची घासण्याची धूळ आहे. श्वास आत घेताना बारीक शीळ वाजायची, मग मध्येच थांबायचा, आणि बाहेर पडायचा तो दोन तुकड्यांत. एका संध्याकाळी त्यांनी वहिनींचं मनगट धरलं.

“नाकाचा श्वास तू काप. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस... मग मी सुटलो.”

वहिनी हो म्हणाल्या. अशा वेळी माणूस हो म्हणतंच.

ते गेल्यावर ओताऱ्याने लांडगा ओतला, बाकीचे सगळे श्वास कापले आणि टेम्पोतून घरी आणून मागच्या कामाच्या खोलीत उभा केला. नाकातून ती एक कांडी तेवढी पुढे आलेली. “बघा वहिनी, विडी ओढत आलाय,” असं म्हणून तो हसवायला गेला आणि स्वतःच रडत बसला. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी चौथरा बांधून तयार होता. मुलगीही खोळंबली होती. तिला आईला आपल्या घरी न्यायचं होतं. लांडगा पुरा झाला की येते, असं वहिनींनी तिला कबूल केलं होतं.

त्याच दुपारी त्या करवत घेऊन खोलीत गेल्या. वर पत्रा, खाली गार फरशी, मेणाचा जुना वास. आधारासाठी त्यांनी डावा हात लांडग्याच्या नाकाखाली धरला आणि पातं कांडीवर टेकवलं.

हाताच्या पाठीवर ऊब आली. गेली. पुन्हा आली.

वहिनी जागच्या जागी थिजल्या. मग आवाज ऐकू आला. बारीक शीळ... थांबा... आणि दोन तुकड्यांत सुटलेला श्वास. इतके महिने उशाशी बसून ऐकलेला आवाज बाईला वेगळा ओळखावा लागत नाही. त्यांनी करवत खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि विचारलं, “आलात?”

तेव्हापासून हे सुरू झालं. रोज कापायचं मनात यायचं, एक-दोन दिवसांआड नवं पातं आणलंही जायचं, आणि दुपारी त्या दोन कप चहा घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. गल्लीला कप मोजता येतात. वहिनी गल्लीतल्या बित्तंबातम्या त्यांना सांगायच्या, कुणाची सून रुसली, कुणाच्या घरी नवा सोफा आला. आणि समोरून शीळ वाजायची. आयुष्यात एवढा वेळ नवऱ्याने त्यांचं कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी मुलगीच गाडी घेऊन आली. लांडगा न्यायला ओताऱ्यालाही तिने बोलावून घेतलं. खोलीत पाऊल टाकलं आणि तिलाही तो आवाज ऐकू आला. तिने वाकून कान लावला, मग समजुतीच्या सुरात म्हणाली, की ही नळी आहे, पत्र्याच्या फटीतून वारा येतो तो हिच्यात शिरतो. बाटलीत फुंकर घातल्यावर वाजतं तसं. वहिनींना हायसं वाटलं, आणि कुणी हातातलं काढून घ्यावं तसंही.

ओतारी मात्र हसला.

“नळी कसली, ताई? श्वास नुसतं म्हणायला. हवा निघून गेली की तिच्या पाठोपाठ रस चढतो त्यात. भरीव सळई आहे ती.” आणि त्याने हातोडीने कांडीवर ठोकलं. बद्द आवाज आला.

तो आवाज विरतोय न विरतोय तोच बारीक शीळ वाजली. लांब. मग थांबली. इतका वेळ थांबली, की तिघांचेही श्वास तिच्याबरोबर थांबले.

ओताऱ्याने हात मागे घेतला. “वहिनी... हे कधीपासून?”

“तुम्ही आणलंत तेव्हापासून.”

“कापून टाका,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्यांनी तुम्हालाच सांगितलं होतं ना.” मुलीला दंडाला धरून तो बाहेर घेऊन गेला.

वहिनींना खरं तर गेले काही दिवस कळतच होतं. शीळ लांबत चालली होती. मधला थांबा वाढत होता. शेवटच्या आठवड्यात उशीला पाठ लावून, डोळे बाहेर काढून ते हवा ओढायचे, तशी ओढ आता त्या आवाजात आली होती. त्यांना ऐकू यावं म्हणून तो माणूस पुन्हा एकदा तेच सोसत होता, आणि त्या समोर बसून चहा पीत होत्या.

त्यांनी करवत उचलली. भरीव धातू तो, लवकर कुठला हलायला. पातं मागेपुढे होताना दर खेपेला श्वास आत ओढला जायचा, अडकायचा. पिवळा भुगा त्यांच्या बोटांवर साचला. “झालं हो... झालंच आता,” त्या म्हणत राहिल्या, दुखणाईताचा सदरा बदलताना म्हणावं तसं. कांडी तुटली, फरशीवर पडली आणि गडगडत भिंतीशी गेली. कापलेला भाग गोल, चकचकीत. सुई शिरेल एवढंही भोक नव्हतं. वहिनींनी नाकाखाली तळवा धरला. थंडगार.

खोली एकदम मोठी वाटायला लागली. कोपऱ्यात बसून त्या पोटभर रडल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी लांडगा टेम्पोतून गेला. मुलीने घराला कुलूप लावलं. पुढच्या सीटवर सामान, म्हणून वहिनी मागे एकट्या बसल्या. धुकं अजून उठलं नव्हतं. काचा वर, गाडीत गारवा. मुलगी गाडी चालवता चालवता सांगत होती, की तुझी खोली तयार आहे, खिडकीतून झाडं दिसतात, तिथे तुला बरं वाटेल. वहिनी हं हं करत होत्या.

पलीकडच्या दाराच्या काचेवर वाफेचा एक डाग उमटला. तळहाताएवढा. विरला. पुन्हा उमटला.

वहिनी बघत राहिल्या. शीळ नव्हती. तुकडे नव्हते. लांब, खोल, निवांत श्वास. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शालीचं टोक शेजारच्या मोकळ्या जागेवर पसरलं आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, “आता बरं आहे ना?”

डाग मोठा झाला. विरला.

मग त्यांचं लक्ष गेलं. डाग काचेच्या अगदी खालच्या कडेशी उमटत होता. सीटवर बसलेल्या माणसाचं तोंड तिथे येत नाही.

आरशातून मागे बघत मुलीने विचारलं, आई, थंडी वाजतेय का गं? वहिनी नाही म्हणाल्या, आणि खाली न बघता दोन्ही पाय हळूच उचलून सीटवर घेतले.