देवश्रीची तीस मिनिटं

"गेलेली मुलगी रोज लॉगिन करते आहे," सुरेखाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

नीरजा सप्रेने त्यांना रडू दिलं. लग्नाआधीच्या चौकशा आणि पळालेले भाडेकरू यांवर तिची डिटेक्टिव्हगिरी चालायची. असं काम क्वचितच यायचं. तिचा मावसभाऊ निनाद पाणी आणायला उठला. त्याचा उपयोग बहुधा एवढाच असे.

सुरेखाबाई शाळेत कॉम्प्युटर शिकवत. आठ मशीन, तीनशे मुलं. म्हणून प्रत्येकाला दिवसाला फार तर तीस मिनिटं. वेळ संपली की लॉगिन आपोआप बंद. बारावीतली देवश्री दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूने गेली. तिचं खातं पुसायला बाईंचा हात धजला नाही, आणि आता डब्याच्या सुट्टीत त्यावर कुणीतरी बसत होतं.

"मुख्याध्यापकांनी तिच्या वर्गातल्या अनिशला धरलंय. इंजिनिअरिंगच्या तयारीसाठी त्यानेच जास्त वेळ मागितला होता. उद्या त्याच्या हातात दाखला देणार. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलीय, पोरगा बरबाद होईल हो."

तिघं शाळेकडे निघाली. वाटेत नदीकाठी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर वेदपाठशाळेतली शेंडीवाली पोरं क्रिकेट खेळत होती. मंगळवार, दुपारचा दीड.

"यांना क्लास नाही?" निनादने विचारलं.

"आज अष्टमी, अनध्याय. अष्टमी, प्रतिपदा, पौर्णिमा अशा तिथींना वेद म्हणत नाहीत, शिकवत नाहीत."

"बढिया आहे," निनाद म्हणाला.

सुरेखाबाईंनी लॉगिनची यादी काढून दिली. साडेबाराला सुरू, एकला बंद, सगळीकडे तेच.

"एकदाही कुणी स्वतःहून बंद केलं नाही?" नीरजाने विचारलं.

"नाही. दर वेळी मशीननेच तोडलं."

"काही तारखा कोऱ्या आहेत. रविवार सोडूनसुद्धा."

"हो. आजही कुणी बसलं नाही."

"चोरही सुट्ट्या घेतो," निनाद म्हणाला. कुणी हसलं नाही.

शिपाई विश्वेश आधीच कावला होता. "मी डब्याला घरी जातो. खोलीला कुलूप नसतं. मला पिक्चरच बघायचं तर मोबाइल आहे की."

अनिशचे डोळे सुजले होते. "कसम से दीदी, मी नाही. पासवर्ड माहीत होता, हे खरं. तिने संस्कृतच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला होता. सगळे तिला हसायचे."

"वही कुठे आहे?"

"तपासायला दिली होती. मग देवश्री शाळेत आलीच नाही."

"तुला वेळ कधी कमी पडतो?"

"रोज. घरी कॉम्प्युटर नाही ना."

स्टाफरूममध्ये संस्कृतचे दत्तात्रेय गुरुजी वह्या तपासत होते. सत्तरीकडे झुकलेले, घराण्याने वैदिक.

"देवश्री कशी होती, गुरुजी?"

लाल पेन थांबलं. "उच्चार स्वच्छ होते. बाकी त्या मशीनमधलं मला काही कळत नाही, बेटी."

नीरजा तासभर पंचांग आणि यादी घेऊन बसली. शाळा सुटल्यावर सुरेखाबाईंना आणि निनादला घेऊन ती पुन्हा गुरुजींसमोर आली.

"अनिशला वेळ रोज हवा," ती म्हणाली. "मग फुकटची तीस मिनिटं त्याने मधूनमधून का सोडावी? मी कोऱ्या तारखा ताडून पाहिल्या. रविवार वगळले तर एकूण एक अनध्याय. आजचाही. गणिताला कुणी अनध्याय पाळत नाही, म्हणजे तिथे वेद चालतो. पासवर्ड वहीत, आणि वही तपासायची तुमच्याकडे. तिचे उच्चार स्वच्छ होते हे तुम्हीच म्हणालात, म्हणजे त्या खात्यात तिचाच आवाज असणार. दर वेळी मशीनने तोडलं, कारण ऐकणाऱ्याचं ऐकणं कधी पुरं झालंच नाही."

गुरुजींनी चष्मा काढला.

"रुद्र म्हणायची," ते म्हणाले. "मुलीला रुद्र शिकवला म्हटल्यावर गल्लीने मला दारात उभं केलं नसतं. म्हणून सुट्टीत, त्या खोलीत. पाठ झाला तशी तिने तो मोबाइलवर रेकॉर्ड करून आपल्या खात्यात ठेवला. मशीन कसं लावायचं तेही तिनेच दाखवलं. म्हणाली, ऐका आणि चुका काढा. दुसऱ्या दिवशी ताप आला."

"आणि अनिश?"

"काल कळलं. दोनदा मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. सांगितलं तर खातं पुसतील. आवाज जाईल." त्यांनी चष्मा उपरण्याने पुसला. "मी तिचा कुणी नव्हतो, बेटी. मला सुतकसुद्धा लागलं नाही. कुठे बसून रडायचं?"

सुरेखाबाईंनी तोंडाला पदर लावला.

निनादला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. "पण गुरुजी, कालच्या जागेपासून पुढे का नाही लावलं? दोन दिवसांत पुरं झालं असतं."

"पाठ मोडला की पहिल्यापासून धरायचा. मधून उचलत नाहीत."

म्हणजे दोन महिने त्यांनी तीच पहिली तीस मिनिटं ऐकली होती. शेवट कधीच नाही.

"आत्ता लावू?" सुरेखाबाई म्हणाल्या. "मी वेळेची अट काढते."

"आज नको. अष्टमी आहे." गुरुजी उठले आणि काठी घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेले. या खेपेला ते दारातून परतले नाहीत. अनिशचा दाखला लिहून झाला होता. तो फाडला गेला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला गुरुजींनी खोलीबाहेर चपला काढल्या. अनिशने आवाज मोठा करून दिला. सतरा वर्षांच्या मुलीचा स्वच्छ आवाज खोलीत भरला. एक वाजला. गुरुजींनी सवयीने डोळे मिटून घेतले, पण आवाज तुटला नाही.

चौतिसाव्या मिनिटाला पाठ संपला. मग एक दमलेला श्वास आला आणि ती म्हणाली, "झालं, गुरुजी. आज एकही चूक नाही ना?"

"एकही नाही, बेटी," गुरुजी पडद्याला म्हणाले.

घंटा होऊन गेली, तरी मशीन कुणी बंद केलं नाही.